स्कूटर, फेरीबोट आणि पलीकडची बेटं

गोवा म्हटलं की आपल्याला समुद्रकिनारा आठवतो. आमच्या बचत गटाच्या सहा जणी मात्र तीन स्कूटर घेऊन गेलो ते मांडवी नदीतल्या बेटांवर, दिवाडी आणि चोडणला. कारण साधं होतं. गटातल्या काकींची धाकटी बहीण दिवाडीत दिलेली. सावंतवाडीहून फार लांब नाही, पण एसटी बदला, फेरीबोट गाठा, परतीची वेळ सांभाळा, यात काकींची तीन वर्षं भेट झाली नव्हती. आम्ही म्हटलं, काकी, तुम्ही मागे बसा, आम्ही नेतो.

दोडामार्गावरून डिचोलीला आणि तिथून नार्व्याला गेलो. नार्व्याला श्रीसप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. गोव्याच्या कदंब राजांचं हे दैवत. मूळ देऊळ पलीकडे दिवाडी बेटावर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पाडलं, तेव्हा भक्तांनी लिंग नदी ओलांडून अलीकडे आणलं. पुढे 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. काकी हात जोडून म्हणाल्या, "देव अलीकडे आला, आता आपण पलीकडे जाऊ."

आता फेरीबोटीचं सांगतो, कारण भीती तिथेच वाटते. ही बोट सपाट तळाची असते. तिची पुढची लोखंडी फळी धक्क्याच्या उतारावर टेकते आणि गाड्या थेट आत जातात. भरतीला पाणी वर असतं, तेव्हा उतार थोडाच उरतो. ओहोटीला पाणी खाली जातं आणि एरवी पाण्याखाली असलेला शेवाळलेला भाग उघडा पडतो. आम्ही पोचलो ती नेमकी ओहोटी. आमच्यातल्या एकीने उतारावर पुढचा ब्रेक दाबला आणि चाक सरकलं. गाडी आडवी झाली. मागे कोणी बसलेलं नव्हतं म्हणून गुडघा खरचटण्यावर भागलं.

त्यातून शिकलो ते असं. मागे बसणारीने आधीच उतरून चालत जायचं. उतारावर गाडी सरळ ठेवायची, वळवायची नाही. मागचा ब्रेक हलक्या हाताने लावायचा, पुढचा करकचून दाबायचा नाही. आत गेल्यावर इंजिन बंद, गाडी मधल्या स्टँडवर, आणि आपण गाडीपाशीच उभं राहायचं. फळी धक्क्याला पूर्ण टेकून बोटीवरचा माणूस हात करीपर्यंत गाडी सुरू करायची नाही. घाई झालेले पुरुष मागून हॉर्न वाजवतात. वाजवू द्या.

भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. म्हणजे घरातली दिनदर्शिका बघून निघालं तरी धक्का कसा असेल याचा अंदाज येतो.

दिवाडीत उतरलो आणि दोन्ही बाजूंना खाजण जमीन लागली. नदीचं पाणी इथे खारं होतं, म्हणून शेताभोवती मातीचे बांध घातलेले. बांधात लाकडी दारं असतात, त्याला मानस म्हणतात. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा दार मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ढकलतं तेव्हा उघडतं. पावसाळ्यात कोरगुट नावाचं भात होतं, ते थोडा खारेपणा सोसतं. मानशीपाशी मासळीही मिळते. पण एक बांध फुटला की शेजारच्या सगळ्यांचं शेत खारं होतं, म्हणून बांध सगळ्यांनी मिळून राखायचा असतो. आपल्या गटासारखंच म्हणा ना.

बहिणी भेटल्या त्याचं काय सांगावं! चहा गार झाला तरी दोघींचे हात सुटेनात. जेवताना विषय निघाला पुलाचा. काकींची बहीण म्हणाली, "यांच्या छातीत रात्री दुखलं होतं. बोट अलीकडे येईपर्यंत धक्क्यावर बसून होतो. पूल हवाच." तिची सून म्हणाली, "पूल झाला की जमिनी विकल्या जातील, गाड्यांची रांग लागेल. शेत कोण राखणार?" दोघीही त्याच घरात राहतात, दोघींचंही खरं आहे. पूल हवा असो वा नको, रात्री दवाखाना गाठायची सोय तर हवीच. ती मागणी दोघींनाही मान्य होती.

दुपारी दुसऱ्या फेरीबोटीने जुने गोवे गाठलं, नदीकाठाने रायबंदरला गेलो आणि तिसऱ्या बोटीने चोडणला. धक्क्याजवळच सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, खारफुटीचं रान. चिखलातून वर आलेली बोटांएवढी मुळं दिसतात ना, झाडं त्यांतून श्वास घेतात. हीच झाडं काठाची माती धरून ठेवतात. चोडणहून मयेकडे पूल आहे, त्यामुळे परतताना बोटीची वाट पाहावी लागली नाही. दिवेलागणीला डिचोली ओलांडली होती.

मैत्रिणींनो, तुम्हाला निघायचं असेल तर परवाना, गाडीची आणि विम्याची कागदपत्रं, दोघींना हेल्मेट, एवढं आधी बघा. शेवटची बोट किती वाजता, हे पहिल्या बोटीत चढतानाच विचारा. पहाटे निघा, म्हणजे अंधारात अनोळखी धक्का नको.

घरी सोडताना काकी म्हणाल्या, "पुढच्या वेळी मागे बसायचं नाही." पुढच्या रविवारपासून शाळेच्या मैदानावर त्यांची शिकवणी आहे. तुमच्या गावापलीकडे खाडी असेल आणि पलीकडे कोणी आपलं असेल, तर भरतीची वेळ बघून ठेवा. आणि जाऊन आलात की आम्हाला कळवा.