वेतनाची उतरंड

श्रमाचे मोल किती, हा प्रश्न जितका अर्थशास्त्राचा, तितकाच समाजाच्या न्यायबुद्धीचाही आहे. एकाच कारखान्यात राबणाऱ्या दोघांपैकी एकाला दुसऱ्याच्या दहापट वेतन मिळाले, तर शिक्षण, अनुभव आणि जबाबदारी यांचा दाखला देऊन त्याचे समर्थन करता येते. तीच तफावत शेकडो पटींवर गेली, की हे दाखले अपुरे पडू लागतात. अमेरिकेतील इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट या संस्थेच्या गणनेनुसार तेथील बड्या कंपन्यांच्या प्रमुखांचे उत्पन्न १९६५ मध्ये सामान्य कामगाराच्या सुमारे २१ पट होते. २०२३ मध्ये ते २९० पट झाले. या काळात कंपनीप्रमुखांची बुद्धी किंवा जबाबदारी चौदा पटींनी वाढली, असे कोणीही म्हणणार नाही.

ही वाढ अटळ होती काय? सरकारी नोकरीचा अनुभव तसा नाही. तिसऱ्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारच्या सेवेतील किमान मूळ वेतन १९६ रुपये आणि सचिवाचे ३,५०० रुपये होते. म्हणजे अंतर सुमारे अठरा पटींचे. १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या सातव्या आयोगाच्या वेतनश्रेणीत हेच आकडे १८,००० आणि २,२५,००० झाले व अंतर साडेबारा पटींवर आले. कारभाराचा व्याप वाढूनही हे घडले, याचे कारण तेथे वरचे आणि खालचे वेतन एकाच वेळी, एकाच तराजूत तोलले गेले.

खासगी उद्योगात असा तराजू उभारण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे नाही. १९५६ च्या कंपनी कायद्याने संचालक व व्यवस्थापक यांच्या एकूण मोबदल्यावर निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांची मर्यादा घातली होती. २०१३ च्या कायद्यात ती कायम राहिली. परंतु २०१७ च्या दुरुस्तीने ती ओलांडण्यासाठी केंद्र सरकारची संमती लागेनाशी झाली. भागधारकांचा विशेष ठराव पुरेसा ठरला. ज्या कंपनीत भागभांडवलाचा मोठा हिस्सा प्रवर्तक कुटुंबाच्याच हाती असतो, तेथे अशा ठरावाचा अंकुश कितीसा राहणार? २००७ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी उद्योगपतींच्या मेळाव्यात अवाजवी मोबदला टाळण्याचे आवाहन केले, तेव्हा त्यावर टीकाच अधिक झाली.

२०१३ च्या कायद्याने एक उपयुक्त गोष्ट मात्र केली. शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीने, प्रत्येक संचालकाचा मोबदला मध्यक वेतनाच्या किती पट आहे, हे वार्षिक अहवालात जाहीर करावे, असे बंधन घातले. सर्व कर्मचाऱ्यांना वेतनाच्या क्रमाने उभे केले, तर बरोबर मध्यावर उभ्या असणाऱ्याचे वेतन म्हणजे हे मध्यक. विषमता मोजल्याखेरीज तिच्याशी झुंजता येत नाही; त्या दृष्टीने हे पाऊल स्वागतार्हच होते.

परंतु या रांगेत कोणाला उभे केले जाते, हे पाहिले म्हणजे आकड्याचा भरवसा डळमळतो. देशातील कारखान्यांत सुमारे दोनपंचमांश कामगार आज कंत्राटी आहेत. त्यांचे नाव कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असते, कंपनीच्या नव्हे. तेच यंत्र चालवणारा, तोच माल उचलणारा हा कामगार त्यामुळे रांगेतून गळतो. जितके काम कंत्राटावर द्यावे, तितके मध्यक वेतन वर सरकते आणि विषमता कागदावर घटते. प्रत्यक्षात ती वाढलेली असते.

तळाच्या वेतनाची अवस्थाही बोलकी आहे. सरकारनेच नेमलेल्या सत्पथी समितीने २०१९ मध्ये दररोज ३७५ रुपये किमान वेतन सुचवले. त्याच वर्षी राष्ट्रीय तळवेतन १७८ रुपये ठरले. अनेक राज्यांचे दर याहून अधिक आहेत, हे खरे. पण शिफारशीच्या निम्म्याहूनही खाली तळ ठरावा, यातून दृष्टी दिसते. इकडे नफ्याला ओहोटी लागली होती, असेही नाही. २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीनुसार, आदल्या आर्थिक वर्षात बड्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला, रोजगार मात्र अवघा दीड टक्का.

कर्तबगार माणसे हवी असतील तर बाजारभाव द्यावा लागतो, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण हा भाव ठरवणारी संचालक मंडळे इतर कंपन्यांकडे पाहतात आणि आपला प्रमुख सरासरीहून कमी ठरू नये, अशी प्रत्येकाची इच्छा असते. साहजिकच सरासरी दरवर्षी वर चढते. कंत्राटी कामगाराच्या वाट्याला मात्र अशी चढाओढ येत नाही. त्याच्या बाबतीत सर्वांत कमी दराची निविदा जिंकते.

उत्पन्नातील विषमता कमी करण्यासाठी राज्यसंस्थेने झटावे, हे तत्त्व १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम ३८ मध्ये घातले गेले. त्याची बूज राखायची तर पहिली पायरी अवघड नाही. गुणोत्तर काढताना कंत्राटी कामगाराला रांगेत उभे करावे आणि कायम कामगाराचेच काम करणाऱ्याला त्याच्याइतके वेतन द्यावे. उतरंडीतील सर्वांत खालच्या मडक्यावर वरच्या सगळ्यांचा भार असतो. निदान मोजणीत तरी ते वगळले जाऊ नये.