बीसीजी : लस क्षयाची, तालीम साऱ्या शरीराची

लेखमाला : लस आणि आपण (भाग ६)

लस टोचल्यावर आपल्या बी आणि टी पेशी एका ठरावीक जंतूची ओळख कशी लक्षात ठेवतात, हे आपण मागच्या भागात पाहिलं. गोवराची लस गोवराला अडवते, धनुर्वाताची लस धनुर्वाताला. बीसीजी मात्र या साध्या हिशेबात बसत नाही. क्षयासाठी दिलेली ही लस शरीराला भलत्याच जंतूंशी लढायलाही तयार करते, असं दाखवणारं संशोधन गेल्या दीड दशकात पुढे आलं आहे. पुणेकरांसाठी हा विषय घरचाच आहे, कारण हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली बीसीजी देशभर आणि परदेशातही जाते.

लस तयार झाली फ्रान्समध्ये. आल्बेर काल्मेत आणि कामीय गेरँ या दोघांनी १९०८ पासून गुरांच्या क्षयाचा जंतू पित्त घातलेल्या बटाट्याच्या कापांवर वाढवला. १३ वर्षांत २३० वेळा तो नव्या कापांवर घेतल्यावर जंतू जिवंत राहिला, पण रोग करण्याची त्याची ताकद गेली. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये ही लस पहिल्यांदा एका बाळाला दिली गेली. म्हणजे बीसीजी ही जिवंत जंतूंची लस आहे आणि पुढची सगळी गोष्ट याच गुणावर उभी आहे.

लसीकरणाच्या खोलीत ती कशी देतात, ते एकदा नीट पाहावं. गडद रंगाच्या कुपीत कोरडी पूड असते, कारण उजेडाने हे जंतू मरतात. सिस्टर त्यात सलाईन मिसळतात आणि बाळाच्या डाव्या दंडावर सुई जवळजवळ आडवी धरून कातडीच्या आतल्या थरात ०.०५ मिलीलिटर औषध सोडतात. सुई बरोबर गेली असेल तर तिथे लगेच पांढुरकी, फुगीर गाठ उमटते. ती थोड्या वेळात बसते. दोन-तीन आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा फोड येतो, तो पिकतो, वाहतो आणि हळूहळू सुकून कायमचा व्रण राहतो. फोड वाहू लागला की घरचे घाबरतात, हळद किंवा मलम लावायला निघतात. काहीही लावू नये. आत जंतू आणि शरीर यांची झटापट चालू असते आणि ती चालायलाच हवी.

या झटापटीत सर्वांत आधी उतरतात मोनोसाइट आणि महाभक्षक पेशी. ही आपली जन्मजात प्रतिकारशक्ती. समोर कोणताही जंतू आला तरी त्या तुटून पडतात, पण झालेली लढाई त्यांच्या लक्षात राहत नाही, असं वैद्यकाची पुस्तकं सांगत आली. नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या राडबाउड विद्यापीठातले मिहाई नेतेआ आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये या समजुतीला आव्हान दिलं आणि 'प्रशिक्षित प्रतिकारशक्ती' ही कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी त्यांनी निरोगी स्वयंसेवकांना बीसीजी टोचून त्यांचं रक्त तपासलं. त्या मोनोसाइट पेशींना प्रयोगशाळेत क्षयाशी काही संबंध नसलेले जंतू दाखवले, कँडिडा ही बुरशी आणि स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू. लसीआधीच्या तुलनेत पेशींचा प्रतिसाद कितीतरी जोरकस होता आणि तो तीन महिन्यांनीही टिकून होता.

हे कसं घडतं? बीसीजीच्या जंतूचे तुकडे पेशीतल्या 'नॉड-२' नावाच्या ग्राहकाला भिडतात. त्यानंतर जनुकं बदलत नाहीत, त्यांची मांडणी बदलते. सणासाठी माळ्यावरून काढलेली मोठी पातेली परत वर न टाकता ओट्याखालीच ठेवली, तर पुढच्या वेळी पंगत अचानक आली तरी धावपळ होत नाही. तसंच जळजळीचे संदेश पाठवणाऱ्या जनुकांभोवती रासायनिक खुणा बसतात आणि ती जनुकं चटकन हाताशी येतात. पण मोनोसाइट रक्तात जेमतेम काही दिवस जगतात, मग परिणाम महिनोन् महिने कसा टिकतो? याचं उत्तर अस्थिमज्जेत सापडलं. २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की बीसीजी रक्त घडवणाऱ्या मूळपेशींनाच वळण लावते. त्यामुळे नव्या पेशी जन्मतःच तयारीच्या निघतात.

प्रयोगशाळेबाहेर याचा फायदा होतो का? पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमध्ये पीटर आबी यांच्या गटाने कमी वजनाच्या बाळांना जन्मतःच बीसीजी दिली. तिथल्या तीन चाचण्या एकत्र पाहता पहिल्या महिन्यातले मृत्यू एक तृतीयांशाहून जास्त घटले. भारतात रशियन वाणाची बीसीजी देऊन दोन हजार ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांवर अशाच दोन चाचण्या झाल्या. तिथे मात्र मृत्यू घटले नाहीत. जगभर बीसीजीचे अनेक वाण आहेत आणि सगळे सारखं वागत नाहीत.

मग कोविड आला. हातात दुसरी लस नसताना २०२० मध्ये जगभरच्या संशोधकांना बीसीजी आठवली. सीरम इन्स्टिट्यूटने 'व्हीपीएम-१००२' या सुधारित बीसीजीची चाचणी देशभरातल्या सुमारे ६,००० जणांवर हाती घेतली. त्यांत ज्येष्ठ नागरिक, रुग्णांचे घरचे आणि आरोग्य कर्मचारी होते. ही लस मुळात बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत स्टेफान काउफमान यांनी बीसीजीतलं एक जनुक काढून आणि लिस्टेरिया या जिवाणूचं एक जनुक घालून घडवली होती.

जगभरातले निकाल संमिश्र आले. ग्रीसमध्ये रुग्णालयातून घरी जाणाऱ्या ज्येष्ठांना बीसीजी दिली, तेव्हा वर्षभरात कोणताही संसर्ग झालेल्यांचं प्रमाण ४२ टक्क्यांऐवजी २५ टक्के राहिलं. पण ऑस्ट्रेलियातून चाललेल्या, जवळपास ४,००० आरोग्य कर्मचाऱ्यांच्या चाचणीने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की बीसीजीने कोविड टळला नाही.

यावरून बीसीजी निरुपयोगी ठरत नाही. मूत्राशयाच्या कर्करोगात १९७६ पासून हीच लस थेट मूत्राशयात सोडतात आणि चेतवलेल्या पेशी कर्करोगावर तुटून पडतात. त्यासाठीची वेगळी बीसीजीही सीरम बनवते. प्रशिक्षित प्रतिकारशक्ती खरी आहे, पण ती सरसकट आणि मर्यादित काळाची तयारी आहे. कोणत्या वयात, कोणत्या वाणाने, कोणत्या जंतूपुढे ती पुरते, हे दरवेळी चाचणी करूनच ठरवावं लागतं. सर्दी-खोकल्यापासून वाचण्यासाठी मोठ्या माणसांनी आपल्या मनाने बीसीजी टोचून घेऊ नये आणि बीसीजी झाली म्हणून बाळाची दुसरी कोणतीही लस चुकवू नये.

मला आग्रह धरावासा वाटतो तो वेळेचा. कुपी एकदा कालवली की चार तासांत संपवावी लागते, म्हणून पुरेशी बाळं जमेपर्यंत लस पुढे ढकलली जाते आणि आई-बाळ तशीच घरी जातात. मेंदूच्या क्षयापासून तान्ह्या जिवाला वाचवणं, हे बीसीजीचं सिद्ध झालेलं काम आहे, आणि ते जन्मानंतर लगेच सुरू व्हायला हवं. एका बाळासाठी कुपी उघडली आणि उरलेले डोस फेकावे लागले, तरी तो खर्च वाया गेला असं मी म्हणणार नाही. प्रसूतीनंतर घरी निघण्याआधी बाळाच्या कार्डावर बीसीजीची नोंद झाली का, हे जरूर विचारा.

पुढच्या भागात : गोवराची लस आणि पुसली जाणारी प्रतिकारस्मृती.