छतातले स्पीकर : भोक पाडण्यापूर्वी ग्राहकाला काय सांगाल?

नव्या फ्लॅटमध्ये फॉल्स सीलिंगचे काम निघाले की हल्ली बरेच ग्राहक होम थिएटरचीही मागणी करतात. "भिंतीवर डबे नकोत, जमिनीवर वायरी नकोत, सगळे स्पीकर छतात बसवा," असे सांगतात. हे काम वायरमन, पीओपी कारागीर, सुतार आणि इलेक्ट्रॉनिक मालाचे दुकानदार अशा चौघांच्या हाती असते, आणि या चारही धंद्यांत आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. काम चांगले आहे, मजुरीही बरी मिळते. पण स्पीकर चुकला तर तो बदलता येतो, छताला चुकीच्या जागी पडलेले भोक परत करता येत नाही. म्हणून खरेदीपूर्वी ग्राहकाला काय सांगावे, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

छतात कोणते स्पीकर चालतात?

होम थिएटरच्या ५.१ मांडणीत पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर असतो. समोरचे तीन म्हणजे डावा, मधला आणि उजवा. उरलेले दोन बसणाऱ्याच्या बाजूला, किंचित मागे असतात. चित्रातले संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. तो छतात गेला तर माणूस पडद्यावर बोलतो आणि आवाज डोक्यावरून येतो. म्हणून समोरचे तीन स्पीकर शक्यतो पडद्याच्या पातळीवर, टीव्हीच्या युनिटमध्ये किंवा भिंतीतच बसवावेत.

छतातल्या स्पीकरला खरे काम मिळाले ते डॉल्बी ॲटमॉस पद्धतीमुळे. ही पद्धत २०१२ साली सिनेमागृहांत आणि २०१४ साली घरगुती यंत्रांत आली. पाऊस, विमान असे वरून येणारे आवाज ती वेगळे पाठवते. ५.१.२ किंवा ५.१.४ असे लिहिलेले असते, त्यातला शेवटचा आकडा म्हणजे वरच्या स्पीकरांची संख्या. बाजूचे दोन स्पीकरही छतातच घातले तर कानाच्या पातळीचा आवाज आणि वरचा आवाज यांत फरकच राहत नाही आणि ग्राहकाने ॲटमॉससाठी मोजलेले पैसे वाया जातात. साध्या ५.१ मध्ये भिंत उपलब्ध नसेल तर बाजूचे दोन छतात बसवणे ही तडजोड चालू शकते. मात्र तेव्हा बसणाऱ्याकडे तिरपे तोंड असलेले स्पीकर घ्यावेत.

जागा कशी ठरवावी?

बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून सुमारे ३ फुटांवर असतो. फॉल्स सीलिंग ९ फुटांवर असेल तर उरतात ६ फूट. चार स्पीकर बसवायचे असतील तर दोन सोफ्याच्या ६ फूट पुढे आणि दोन ६ फूट मागे घ्यावेत, म्हणजे ४५ अंशांचा कोन साधतो. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर मागे जागाच नसते. अशा खोलीत दोनच स्पीकर, डोक्याच्या किंचित पुढे बसवावेत. चार विकण्याचा मोह टाळावा.

आकडे कसे वाचावेत?

डब्यावर "१००० वॅट पीएमपीओ" असे ठळक छापलेले असते. पीएमपीओचे कोणतेही सर्वमान्य मोजमाप नाही. आरएमएस वॅट किती, हे पाहावे. त्याहून महत्त्वाचा आकडा डेसिबलचा, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर आवाज किती मिळतो. ८७ डेसिबलचा स्पीकर १०० वॅटवर जेवढा वाजतो, तेवढाच ९० डेसिबलचा ५० वॅटवर वाजतो.

ओहमचा आकडा ॲम्प्लिफायरशी जुळवावा. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडावर समांतर लावले की ४ ओहम होतात आणि न पेलणारा ॲम्प्लिफायर तापून बंद पडतो. आणखी एक घोळ नेहमी होतो. मशीद, शोरूम आणि सभागृहांसाठी मिळणारे १०० व्होल्ट लाइनचे स्पीकरही गोल आणि छतात बसणारेच असतात. पण त्यांच्यात ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्यांचा ॲम्प्लिफायर वेगळा असतो. ते घरगुती रिसीव्हरला जोडू नयेत. घराच्या मध्यम खोलीला साडेसहा इंची स्पीकर सहसा पुरतो, मोठ्या हॉलला आठ इंची घ्यावा.

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले निघाले, आणि ओला भाग वर ठेवायला हवा होता अशी समज त्यांनी विक्रेत्याला दिली, हा प्रसंग आपण जाणतो. पीएमपीओचा आकडा दाखवून आरएमएस झाकणे हा तोच ओला ढीग आहे.

कारागिरांसाठी

छताच्या वर मोकळी जागा किती आहे, ते आधी मोजावे. स्पीकरची खोली सुमारे ४ इंच असली तरी वायरीला आणि हवेला जागा लागते. साडेसहा इंची स्पीकरला भोक साधारण ८ इंचांचे लागते, पण अंदाजाने कापू नये. डब्यातला कागदी साचा लावूनच खूण करावी. लोखंडी चॅनल कापू नये. पीओपी ठिसूळ असेल तर वरून प्लायवूडची रिंग द्यावी, म्हणजे पकडीच्या दाबाने तडा जात नाही.

बोर्ड बंद होण्यापूर्वी वायर ओढून घ्यावी आणि तिच्या जागेचा फोटो ठेवावा. जवळच्या अंतराला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते, ५० फुटांच्या पुढे अडीचची घ्यावी. विजेच्या लाइनसाठी पाइप वेगळा असावा. प्लस-मायनस सगळीकडे सारखे जोडावेत. एक उलटा जोडला तरी खर्ज नाहीसा होतो, आणि दोष मात्र मालावर येतो.

मागून उघडा असलेला स्पीकर जेवढा आवाज खाली देतो, त्यातला बराच वर स्लॅबकडेही सोडतो. वरच्या मजल्यावर कुणी आजारी असेल, कुणाचे लेकरू झोपले असेल. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये किती मोठा मानला आहे, हे सांगायला नको. म्हणून मागे बंद डबा असलेला स्पीकर घ्यावा, किंवा कंपनीच्या पत्रकात परवानगी असेल तर वर रॉकवूलचा थर द्यावा. हा खर्च ग्राहकाला आधीच सांगावा.

शेवटी हिशोब. स्पीकरचे मॉडेल, संख्या, वायरचा आकार, भोक आणि रंगाच्या दुरुस्तीची जबाबदारी, आगाऊ रक्कम आणि बाकी, हे सगळे कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकरामध्ये आहेच. ज्याच्या खोलीत दोनच स्पीकर बसतात त्याला दोनच विकणाऱ्या दुकानदाराला त्या दिवशी नफा कमी मिळेल, पण त्याच इमारतीतले पुढचे काम, इन्शाअल्लाह, त्यालाच मिळेल.