एक आराखडा, अनेक रंग

रंग हा केवळ शोभेसाठीं असतो, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु आपल्या उपनगरांतील रस्त्यांकडे लक्षपूर्वक पाहिल्यास तो टिकत नाहीं. अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथें स्टेशनाबाहेर उभी असलेली काळी-पिवळी रिक्षा पाहतांच ही भाड्याची गाडी आहे, हें परक्या माणसासही कळतें. स्त्रियांकरितां राखून ठेवलेल्या परवान्यांच्या रिक्षांसाठीं २०१६ सालीं अबोली रंग ठरविण्यांत आला. यंत्र तेंच, चाकें तींच. रंग मात्र निराळा, आणि परवाना कोणत्या प्रकारचा हें त्या रंगावरून ओळखावयाचें. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी मोटारीचेंही तसेंच होतें. खासगी मालकाकडे ती निरनिराळ्या रंगांत जाई. टॅक्सी झाली म्हणजे काळें अंग व पिवळें छप्पर हाच तिचा वेष असे. अशा टॅक्सींपैकीं शेवटची २००३ सालीं नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यांत ती रस्त्यावरून निघाली.

आतां असा प्रश्न उद्भवतो कीं, एकच वस्तु दोनतीन रंगांत करावयाची असतां तिचा आराखडा दोनतीनदां काढावा काय? आज असे आराखडे संगणकावर काढले जातात, व तेथें ह्या प्रश्नाचें उत्तर 'नाहीं' असें आहे. तीन आराखडे ठेवले आणि पुढें एका भोंकाचें माप बदललें, तर तें तिन्ही ठिकाणीं सुधारावें लागेल. त्यांतील एखादें विसरलें कीं तेवढे भाग चुकीचे तयार होतील. म्हणून आराखडा एकच ठेवून त्याचीं निरनिराळीं रूपें त्यांतच नोंदवितात. कारागीर ह्यास कॉन्फिगरेशन म्हणतात. आम्ही येथें रूपभेद म्हणूं.

रूपभेद करणें सोपें आहे. रंग योग्य जागीं ठेवणें तितकें सोपें नाहीं. सॉलिडवर्क्स ह्या प्रसिद्ध प्रणालीचें उदाहरण घेऊं. तींत रंग अनेक पातळ्यांवर देतां येतो : संपूर्ण भागास, त्यांतील एका घन अंगास, त्यावरील एखाद्या घडणीस, म्हणजे भोंकास किंवा कंगोऱ्यास, आणि शेवटीं एकट्या पृष्ठभागास. ह्यांत जितकी पातळी लहान, तितका तिचा अधिकार मोठा. संपूर्ण भाग काळा केला, पण एक पृष्ठभाग पूर्वींच पिवळा केलेला असला, तर तो पिवळाच दिसतो. पुढें अनेक भाग एकत्र आणून जोडणी केली आणि तेथें त्या भागास रंग दिला, तर तो रंग खालच्या सर्व रंगांस झांकून टाकतो. मूळ भागाची फाईल उघडली म्हणजे मात्र जुना रंग तसाच आढळतो. "रंग बदलला, तरी बदलत कां नाहीं?" अशी तक्रार शिकाऊ विद्यार्थी वारंवार करितात, तिचें कारण बहुधा हेंच असतें. वरच्या पातळीवर आणखी एक रंग चढविणें हा त्यावर उपाय नव्हे. आधीं दिलेला रंग शोधून तो काढून टाकणें, हाच खरा उपाय होय.

दुसरा घोटाळा रूपभेदांमध्यें होतो. समजा, एका रिक्षेच्या आराखड्यांत काळें व अबोली अशीं दोन रूपें आहेत. अबोली रूप उघडून आपण अंगास रंग दिला, आणि पुन्हां काळें रूप उघडून पाहतों तों तेंही अबोली झालेलें! ह्याचें कारण असें कीं, रंग ज्या नोंदींत राहतो तिला डिस्प्ले स्टेट, म्हणजे दर्शनस्थिति म्हणतात, आणि ती रूपभेदाहून वेगळी असते. ती रूपभेदाशीं जोडावयाची खूण केली, तरच प्रत्येक रूप आपापला रंग संभाळतें. तसेंच रंग देतेवेळीं तो चालू स्थितीपुरता आहे कीं सर्वांस लागू आहे, हेंही निवडावें लागतें.

रूपें पुष्कळ असलीं तर तीं कोष्टकांत मांडणें उत्तम. प्रत्येक ओळ म्हणजे एक रूप, आणि एका रकान्यांत त्याचा रंग. हा रंग तेथें आंकड्यानें लिहितात. संगणकावरील प्रत्येक रंगांत लाल, हिरवा व निळा ह्या तीन प्रकाशांचें प्रमाण ० पासून २५५ पर्यंत असतें. हिरव्याच्या प्रमाणास २५६ नें आणि निळ्याच्या प्रमाणास ६५,५३६ नें गुणून लालाच्या प्रमाणांत मिळवावें, म्हणजे रंगाचा आंकडा येतो. काळ्याचा आंकडा ०; शुद्ध लालाचा २५५; पिवळा लाल व हिरवा मिळून होतो, म्हणून त्याचा २५५ + ६५,२८० = ६५,५३५. अबोलीच्या जवळचा एक रंग लाल २५५, हिरवा १६०, निळा १२२ असा धरला, तर आंकडा ८०,३६,६०७ येतो. विद्यार्थ्यांनीं पांढऱ्याचा आंकडा स्वतः काढून पाहावा.

येथें एक सावधगिरीची सूचना अवश्य आहे. पडद्यावरील रंग प्रकाशाचा असतो, डब्यांतील रंग द्रव्याचा. एकच आराखडा दोन पडद्यांवर दोन छटांचा दिसूं शकतो. म्हणून रंगाऱ्यास नुसतें "पिवळा" असें सांगून भागत नाहीं. भारतीय मानक क्रमांक ५ ह्यांत तयार रंगांच्या छटांस क्रमांक दिलेले आहेत : आकाशी १०१, सोनेरी पिवळा ३५६, सिग्नलचा लाल ५३७. असा क्रमांक आराखड्यांत शब्दानें लिहिलेला असावा. शिवाय, लागून असलेले भाग वेगळे ओळखूं यावेत एवढ्याच हेतूनें आराखड्यांत पुष्कळदां रंग देतात. असा ओळखीचा रंग खरा समजून कोणी भाग रंगवून टाकला, तर सारी खेप खरवडून पुन्हां रंगवावी लागते, आणि त्या मजुरीचा भार कोणावर तरी पडतोच. तेव्हां कोणता रंग ओळखीचा व कोणता लावावयाचा, हें कोष्टकांतच स्पष्ट असावें.

पालकांसही एक विनंती आहे. कांहीं मुलांस लाल व हिरवा हे रंग वेगळे दिसत नाहींत, आणि तें त्यांचें त्यांसही ठाऊक नसतें. अशा मुलानें ह्या धंद्यांत पडूं नये, असें मुळींच नाहीं; परंतु डोळ्यांची तपासणी आधीं करून घ्यावी. आंकडा व नांव जेथें लिहिलेलें असतें, तेथें त्याचें काम इतरांइतकेंच बिनचूक होतें.

जे विद्यार्थी पुढें तंत्रशाळेंत जाऊन ही विद्या शिकतील, त्यांनीं एक नेम ठेवावा. रंग शक्य तितका एकाच पातळीवर द्यावा. आणि काम दुसऱ्याच्या हातीं देण्यापूर्वीं प्रत्येक रूप एकेक करून उघडावें व कोष्टकाशीं ताडून पाहावें. ह्यास फार तर दहा मिनिटें लागतात. तीं न दिल्यास रंगाऱ्याचा सारा दिवस वायां जाऊं शकतो.