मांडव्याचा अविनाश

नवरात्रात कोराडीच्या देवीला पायी जाणारी माणसे आपण दर वर्षी पाहतो. चालण्याचे आपल्याला नवल नाही. पण मोठा माणूस पळताना दिसला, की आपण लगेच विचारतो, “काय झालं रे? कोणाच्या घरी?” बिनकामाचे कोण पळते!

बीड जिल्ह्यात आष्टी तालुका आहे. त्यात मांडवा नावाचे गाव. तिथला अविनाश साबळे लहानपणी असाच कामापुरता पळे. आईबाप विटांच्या भट्टीवर राबत. शाळा सहा किलोमीटर लांब. गाडीघोडे नव्हते. उशीर झाला की पोरगा दप्तर सावरत धाव घेई.

बारावी झाल्यावर घराला हातभार लागावा म्हणून तो फौजेत गेला. महार रेजिमेंटमध्ये शिपाई झाला. सियाचीनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळूतही राहिला. फौजेच्या शर्यतीत तो धावू लागला, तेव्हा अमरीश कुमार या गुरूंनी त्याला हेरले. २०१७ साली त्यांनी त्याला एका वेगळ्याच शर्यतीत घातले. तिचे नाव स्टीपलचेस.

ही शर्यत मोठी गमतीची आहे. पूर्वी आयर्लंडात आणि इंग्लंडात लोक एका गावच्या चर्चच्या शिखरापासून दुसऱ्या गावच्या शिखरापर्यंत घोडे पळवीत. वाटेत कुंपण लागे, ओढा लागे. तीच शर्यत पुढे माणसांनी मैदानात आणली. अंतर तीन किलोमीटर, म्हणजे जवळजवळ दोन मैल. वाटेत तीन फूट उंचीचे जाड लाकडी अडसर. पाय लागला तर अडसर पडत नाही, माणूस पडतो! असे २८ अडसर ओलांडायचे. शिवाय सात वेळा पाण्याची उडी. तिथे अडसराच्या पुढेच बारा फूट लांब खड्डा असतो. तो अडसराजवळ खोल आणि पुढे उथळ. म्हणून जो लांब उडी घेतो, त्याचे पाय कमी पाण्यात पडतात. ओले बूट घेऊनच पुढे पळायचे.

या शर्यतीत केनिया देशाचे धावपटू जगात भारी. राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ पासून २०१८ पर्यंत तिन्ही पदके दर वेळी तेच नेत. २०२२ साली बर्मिंगहॅमला अविनाशने ती रीत मोडली. त्याला रुपेरी पदक मिळाले. सोन्याचे पदक हुकले ते किती वेळाने? सेकंदाचे शंभर भाग करा, त्यातले फक्त पाच भाग! पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

मग त्याचे नाव घरोघर झाले. भरतीसाठी पहाटे रस्त्याने पळणाऱ्या पोरांच्या तोंडी तर ते असतेच. २०२३ साली चीनमध्ये आशियाई स्पर्धेत त्याने सोने आणले. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये तो अंतिम शर्यतीत धावला. या शर्यतीत तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. नंबर अकरावा आला. कोणी म्हणेल, अकरावा म्हणजे काय मोठेसे? पण साऱ्या जगातून तिथे मोजकेच जण पोचतात, हे ध्यानात घ्यावे.

जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीपाशीच तो पडला. गुडघ्याला जबर मार लागला. त्यामुळे त्या साली टोकियोला झालेल्या जागतिक स्पर्धेत तो नव्हता.