रक्तपेशींचे कूळ

निपाणी-बेळगाव भागात मूल फिकट पडले, ताप हटेना, अंगावर निळसर डाग उमटले, तरी आपण टॉनिकावर महिना काढतो. क्वचित तो रक्ताचा कर्करोग असतो. आणि त्याचीही मुख्य कुळे दोन. हाडाच्या मगजातील रोगट पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळदा जुळ्या भावंडांसारख्या दिसतात, उपचार मात्र निराळे.

तेथे एन्झाइम साक्ष देते. कच्च्या पपईचा तुकडा घातला की मटण लवकर शिजते, तीही एन्झाइमचीच करामत. पेशींत मायलोपेरॉक्सिडेज असेल, तर काचपट्टीवर रंजक घालताच तपकिरी कण उमटतात. ते मायलॉइड कूळ. ते नसून टीडीटी असेल, तर बहुधा लिम्फॉइड. टीडीटीची ही खूण १९७३ साली अमेरिकेत एका बालरुग्णाच्या पेशींत आढळल्याचे प्रसिद्ध झाले. एकाच खुणेवर मात्र विसंबत नाहीत. आता फ्लो सायटोमेट्रीने पेशींच्या इतर खुणाही पडताळतात.

लिम्फॉइड कुळावर एन्झाइमच औषधही ठरले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात योजलेल्या एमसीपी-८४१ उपचारक्रमात ॲस्पॅराजिनेज होते. रोगट पेशींना ॲस्पॅराजिन स्वतः पुरेसे बनविता येत नाही. हे एन्झाइम ते रक्तातूनच नाहीसे करते.

एवढे आम्ही आग्रहाने सांगू : अशा मुलाचा मगज तपासण्यापूर्वी तापावर स्टिरॉइडची सुई टोचून घेऊ नये. तिने लिम्फॉइड पेशी तात्पुरत्या मरतात आणि मग कूळ ओळखणे अवघड जाते.