लंडनचा कोळसा नदीपार नेताना

वाफेच्या इंजिनांवर लिहिणारे बहुतेक जण वेगाच्या प्रेमात असतात. लंडनच्या घराघरांतल्या शेकोट्या मात्र पेटत्या राहिल्या त्या सिग्नलगणिक थांबत, शहरातून रांगणाऱ्या कोळशाच्या गाड्यांमुळे. एका यार्डातून दुसऱ्या यार्डात वाघिणी पोचवायच्या, एवढेच त्यांचे काम.

लंडनला पूर्वी न्यूकॅसलकडचा कोळसा जहाजांनी येई. 1867 मध्ये रेल्वेने आणलेला कोळसा त्याहून जास्त भरला. हा कोळसा डर्बीशर, नॉटिंगहॅमशर, यॉर्कशरचा, म्हणजे उत्तरेचा. तो आणणाऱ्या कंपन्यांची मोठी यार्डे थेम्सच्या उत्तरेला आणि दक्षिण लंडनचे रूळ दुसऱ्याच कंपन्यांचे. त्यामुळे कोळसा शहरात पोचला तरी गिऱ्हाईक नदीपलीकडेच राही.

उत्तर लंडनमधले क्रिकलवुडचे ब्रेंट यार्ड हे या व्यवहाराचे मुख्य नाके. उत्तरेकडच्या टोटन यार्डातून तिथे येणाऱ्या लांबलचक गाड्यांना दोन-दोन इंजिने लागत. म्हणून 1927 ते 1930 दरम्यान एलएमएस या रेल्वे कंपनीने दोन इंजिनांचे काम एकटी करणारी 33 गॅरट इंजिने घेतली. (आपल्या बंगाल-नागपूर रेल्वेकडेही याच जातीची इंजिने होती.) पण ब्रेंटला त्या गाड्या तोडाव्याच लागत. पुढे छोट्या गाड्या काही केन्सिंग्टनवरून बॅटरसीकडे, काही क्यूच्या बाजूने फेल्टमकडे, तर काही थेट शहराच्या पोटातून, स्नो हिलच्या बोगद्यातून जात.

स्नो हिलची वाट 1866 ची. फॅरिंग्डनपर्यंत भुयारी रेल्वेच्या शेजारचे रूळ, त्यामुळे धूर-वाफ कोंडण्याचा प्रश्न. यासाठी इंजिनांची वापरलेली वाफ धुराड्यातून न सोडता पाण्याच्या टाक्यांत वळवत. धूर अर्थातच उरे. फॅरिंग्डन सोडले की ब्लॅकफ्रायर्सकडे 1:39 ची चढण. आपल्या बोरघाटात ती 1:37 आहे. म्हणजे लंडनच्या ऐन मध्यवस्तीत जवळजवळ घाटच! भरल्या गाडीला मागून ढकलायला ‘बँकर’ म्हणजे जादा इंजिन लागे. त्यातच चाकरमान्यांच्या गाड्यांमधली फट सापडेल तेव्हाच मालगाडीला वाट मिळे.

खरी कसोटी मात्र ओढण्याची नव्हे, थांबवण्याची होती. कोळशाच्या वाघिणी एकमेकींना सैल साखळीने जोडलेल्या. इंजिनातून लावता येईल असा ब्रेक त्यांना नसे. उतारावर सगळा भार इंजिनाच्या आणि शेवटच्या ब्रेकव्हॅनच्या ब्रेकवर. साखळ्या ताणलेल्या ठेवायला गार्ड हाताने ब्रेक फिरवत बसे. झटका बसला तर साखळी तुटायची.

ही अडचण नेमकी ओळखून बांधलेली इंजिने म्हणजे नदीपलीकडच्या सदर्न रेल्वेचा डब्ल्यू वर्ग. सदर्नचे मुख्य यांत्रिकी अभियंते मॉन्सेल यांच्या आराखड्याची ही 15 इंजिने 1932 ते 1936 दरम्यान तयार झाली. चाके लहान, सिलिंडर तीन. ब्रेकची ताकद वाढवण्यासाठी मागच्या छोट्या चाकांच्या बोगीलाही ब्रेक. त्यांच्या जन्मामागे एक अपघात आहे. 24 ऑगस्ट 1927 रोजी केंटमध्ये सेव्हनओक्सजवळ ‘रिव्हर’ वर्गातले ‘रिव्हर क्रे’ हे टाकीवाले इंजिन घसरले आणि 13 जण दगावले. टाक्यांत हिंदकळणारे पाणी आणि खराब रूळ, दोन्ही भोवले. त्या वर्गाच्या इंजिनांच्या टाक्या काढून त्यांना टेंडर (पाणी-कोळशाचा वेगळा डबा) जोडण्यात आले आणि सुटे झालेले काही भाग डब्ल्यू वर्गाला लावले गेले. काटकसरीचा याहून चोख हिशेब मी तरी पाहिलेला नाही. माझ्या मते सदर्नच्या नावाजलेल्या एक्स्प्रेस इंजिनांपेक्षा यांची रचना अधिक विचारी होती.

1952 च्या डिसेंबरमधल्या जीवघेण्या धुरक्यात हजारो लोक मेले. त्यात घरोघरच्या कोळशाचा वाटा मोठा होता. 1956 च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर शेकोट्या विझू लागल्या आणि या गाड्यांचे मुख्य गिऱ्हाईकच गेले. 1964 पर्यंत डब्ल्यू वर्ग मोडीत निघाला, 1969 मध्ये स्नो हिलची मालवाहतूक थांबली. 1988 पासून त्याच बोगद्यातून थेम्सलिंकच्या विजेवरच्या गाड्या धावतात. डब्ल्यू वर्गाच्या 15 पैकी एकही इंजिन कुणी जपून ठेवलेले नाही.